डावा-उजवा ब्रॅकेट: पत्र्याचा मिरर करताना झालेला पाच आठवड्यांचा घोळ

मागच्या शुक्रवारी शेवटची जोडी मशीनवर बसली, एकदाची. आता डोकं शांत आहे तोवर लिहून ठेवते, कारण पाच आठवड्यांपूर्वी पत्र्याच्या डाव्या पार्टवरून उजवा कसा करायचा हेच मी शोधत होते आणि जिकडे तिकडे "मिरर करा (म्हणजे कॅडमध्ये त्याची आरशातली प्रत काढा), झालं" एवढंच लिहिलेलं सापडत होतं. मिरर करायला खरंच दोन मिनिटं लागतात. बाकीचे पाच आठवडे कुठे गेले ते सांगते.

आधी माझ्याबद्दल एवढंच की कॅडवर (कॉम्प्युटरवर पार्टची मॉडेल आणि ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) सहा वर्षं काम करतेय पण सगळं मिलिंग-टर्निंगचं, म्हणजे ठोकळा घ्यायचा आणि कापत जायचं. पत्रा कधी वाकवला नव्हता, स्क्रीनवरही नाही. सोमवारी सकाळी हातात काम आलं, एका जुन्या मशीनच्या गार्डचे सहा प्रकारचे ब्रॅकेट, प्रत्येकाचा डावा आणि उजवा. ड्रॉइंग फक्त डाव्याचं, तेही झेरॉक्सची झेरॉक्स, आणि कोपऱ्यात एक ओळ, "एलएच दाखवला आहे, आरएच विरुद्ध", म्हणजे डावा दाखवलाय, उजवा त्याच्या उलट. मी म्हटलं अर्ध्या दिवसाचं काम आहे. बॉसलाही तसंच सांगून बसले, ते सांगायला नको होतं.

पहिला ब्रॅकेट साधा वाटत होता. २ मिमी स्टेनलेसचा पत्रा, मधे ८० मिमीचा तळ, एका बाजूला २५ची भिंत, दुसऱ्या बाजूला ४०ची, आणि तळाच्या एका टोकाला वर उभा केलेला छोटा कान, त्याला दोन भोकं. म्हणजे तीन बेंड, तिन्ही ९० अंशाचे, तिन्ही वरच्या दिशेला. समोरचा व्ह्यू आणि त्याच्या उजवीकडे बाजूचा व्ह्यू, एवढ्यावर मॉडेल दुपारपर्यंत तयार झालं. मग सहज ड्रॉइंग शेजारी धरून बघितलं तर बाजूच्या व्ह्यूत २५च्या भिंतीची रेघ तुटक होती, म्हणजे ती कशाच्या तरी मागे लपलेली. माझ्या मॉडेलमध्ये त्या बाजूने बघितलं तर २५ची भिंत पुढेच होती, तिची रेघ ठळक यायला हवी. आधी वाटलं जुन्या ड्राफ्ट्समनची चूक. पाऊण तास त्याला मनातल्या मनात नावं ठेवली. मग ट्यूब पेटली की चूक माझीच आहे, मी सवयीने ड्रॉइंग फर्स्ट अँगल समजून वाचलं आणि ते होतं थर्ड अँगल (कागदावर व्ह्यू मांडायच्या या दोन पद्धती). कुठली पद्धत ते सांगणारा कापलेल्या शंकूचा सिम्बॉल असतो ना, तो झेरॉक्सच्या कडेला कापला गेला होता. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडे काढलेला व्ह्यू डावीकडून बघितलेला असतो, थर्ड अँगलमध्ये उजवीकडूनच. त्यामुळे माझा कान मागच्या टोकाला गेला होता, खरं तर तो पुढच्या टोकाला हवा. म्हणजे डावा समजून मी नकळत उजवा बनवला होता, आणि त्यावर मिरर मारला असता तर दोन्हींची नावं अदलाबदल होऊन गेली असती आणि कोणाला कळलंही नसतं, कारण जोडी तर बरोबरच दिसते! तेव्हापासून सिम्बॉल दिसला नाही की आधी तुटक रेघा शोधते, त्या खोटं बोलत नाहीत.

मग दुसरा प्रश्न, डावा म्हणजे कोणाचा डावा? मशीनसमोर उभ्या माणसाचा की मशीनचा स्वतःचा? गाडीच्या पार्टला निदान ठरलेलं असतं, ड्रायव्हर सीटवर पुढे तोंड करून बसलाय असं धरून डावं-उजवं. इथे तसं काही लिहिलेलं नव्हतं. असेंब्लीवाल्यांना विचारलं, त्यांनी मेंटेनन्सला विचारलं, मेंटेनन्सचा माणूस रजेवर, बुधवारी दुपारी उत्तर आलं की ऑपरेटरच्या जागी उभं राहून मशीनकडे बघायचं. दीड दिवस एका वाक्यासाठी गेला. ते वाक्य आता प्रत्येक ड्रॉइंगवर टाकलंय.

गुरुवारी मी एक बरं काम केलं, खरं म्हणजे कंटाळून केलं. मिररला हात लावण्याआधी सहाही प्रकार एकेक करून गोल फिरवून बघत बसले की याचा डावा-उजवा खरंच वेगळा आहे का. आणि दोन प्रकारांचा नव्हताच! त्यातल्या एकाला एक भिंत २५ची आणि एक ४०ची होती, म्हणून मी गृहीत धरलं होतं की हा डावा-उजवा असणार. पण त्याला कान नव्हता आणि भोकं दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर होती. तो उचलून टोकाचं टोक फिरवून ठेवला की झाला उजवा. पार्टला आरपार एक जरी प्रतल असं सापडलं की ज्याच्या दोन्हीकडे सगळं सारखं आहे, तर त्याचा मिरर म्हणजे तोच पार्ट. कान आला की ते प्रतल मोडतं, मग हातमोज्यासारखं होतं, कितीही फिरवा डाव्याचा उजव्याला बसत नाही. त्या दोन प्रकारांचे वर्षानुवर्षं दोन-दोन नंबर चालू होते आणि स्टोअरमध्ये वेगवेगळ्या खणात एकच पार्ट पडून होता. असो.

मॉडेलिंगबद्दल फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. एवढंच की माझ्यासारखं ठोकळ्यातून कोरून पत्रा बनवू नका, पहिल्यापासून शीट मेटलच्याच कमांड वापरा, बेस फ्लँज (तळ) मग एज फ्लँज (कडेची वाकवलेली भिंत), म्हणजे जाडी आणि बेंडची त्रिज्या एकाच ठिकाणी राहते आणि फ्लॅट पॅटर्न, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट आकार, आपोआप निघतो. आणि कानाच्या कोपऱ्यात रिलीफ (छोटी खाच) द्या, नाहीतर पत्रा फाटतो.

दुसऱ्या सोमवारी मिरर. मी सॉलिडवर्क्स वापरते, तिथे एक प्लेन निवडून इन्सर्टमधून मिरर पार्ट घेतला की नवीन फाइल उघडते आणि मूळ फाइलला जोडलेली राहते. इन्व्हेंटरमध्ये हेच काम डिराइव्ह करून होतं, त्यात मिररचा पर्याय आहे. फ्रीकॅडमध्ये सॉलिड मिरर करून मग शीट मेटल वर्कबेंचने उलगडता येतं. तर मिरर करताना बाजूला काय काय सोबत न्यायचं याची एक यादी येते, मटेरियल, स्केच, कस्टम प्रॉपर्टी वगैरे, आणि त्यातच शीट मेटल माहितीचा टिक असतो. तो मी केला नाही. वाचलाच नाही खरं तर. मग नव्या फाइलमध्ये नुसता मुका सॉलिड आला, पत्रा आहे हे त्याला माहीतच नाही. म्हटलं काही हरकत नाही, आणि त्याला पुन्हा शीट मेटलमध्ये कन्व्हर्ट केलं. तिथे के-फॅक्टर विचारला जातो, चौकटीत ०.५ होता, मी तसाच राहू दिला.

आता हे थोडं खोलात सांगते कारण माझे इथे दोन दिवस गेले. पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, मधे कुठेतरी एक थर असा असतो ज्याची लांबी बदलत नाही. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या भागावर आहे तो के-फॅक्टर. ०.५ म्हणजे बरोबर मधोमध. ९० अंशाच्या बेंडला लागणारी लांबी म्हणजे १.५७०८ गुणिले (आतली त्रिज्या अधिक के गुणिले जाडी). माझी त्रिज्या २, जाडी २. डाव्या फाइलमध्ये बेंडिंगवाल्यांनी दिलेला के ०.४४ होता, म्हणजे ४.५२ मिमी. उजवीत ०.५, म्हणजे ४.७१. एका बेंडला ०.१९चा फरक, तळाच्या दोन बाजूंना दोन बेंड, मिळून जवळजवळ ०.३८. डाव्याचा फ्लॅट आला १३८.०५ आणि उजव्याचा १३८.४२.

आणि गंमत म्हणजे मी तपासलं होतं हो! दोन्हींचं वजन बघितलं, शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं. गुरुत्वमध्य बघितला, एका अक्षावर फक्त चिन्ह उलट, म्हणजे मिरर बरोबर. खूश होऊन घरी गेले. पण वाकवलेला पार्ट दोन्हीकडे सारखाच असणार ना, के-फॅक्टरचा फरक फक्त उलगडल्यावर दिसतो! बुधवारी दोन्ही डीएक्सएफ (लेझरवर कापायला द्यायच्या सपाट आकाराच्या फाइली) एकावर एक ठेवल्या, उजवी उलटी करून, तेव्हा कडेला दोन रेघा दिसल्या जिथे एकच दिसायला हवी होती. सगळ्यात भरवशाची तपासणी हीच. वजन-बिजन नंतर बघा, आधी फ्लॅट उलटा करून दुसऱ्यावर ठेवा. (आणि कोणी तुम्हाला के-फॅक्टर ०.८८ वगैरे सांगितला तर घाबरू नका, डीआयएन (जर्मन मानक) पद्धतीत तो आकडा दुप्पट लिहितात, फ्रीकॅडमध्ये दोन्ही पर्याय दिसतात, कुठला निवडलाय ते बघा.)

त्याच दिवशी अजून एक दिसलं. डाव्यावर पार्ट नंबर कोरलेला होता, तो उजव्यावर आरशात दिसतो तसा उलटा. शेजारच्या टेबलवरचा पोरगा हसून हसून पडला. मग रचना बदलली. एक बेस फाइल केली जिच्यात नंबर नाही, मजकूर नाही, नुसता पत्रा आणि भोकं. डावी फाइल त्या बेसवरून सरळ, उजवी त्याच बेसवरून मिरर, आणि नंबर प्रत्येकीत शेवटी वेगळा टाकला. यावेळी टिक केला. उजवीचा फ्लॅट १३८.०५. हुश्श. अजून एक, या फाइलींची नावं विंडोजमध्ये जाऊन बदलू नका, जोडणी तुटते, सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला.

ट्रायलसाठी या ब्रॅकेटच्या दोन जोड्या पाठवल्या. हा एकच प्रकार ब्रश फिनिशचा (एका दिशेत बारीक रेघा असलेला) होता, समोर दिसणारा, त्यामुळे पत्र्याला एका बाजूने ब्रश आणि त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून फिल्म. ट्रायलला नंबर कशाला म्हणून तो काढून टाकला, लक्षात ठेवा हे. आठ दिवस वाट बघितली, रोज फोन करायचा मोह आवरत.

चार पीस आले. चारही भंगार.

पहिली गोष्ट, कानावरच्या भोकांना एम३ स्क्रूचा काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं आत बसायचा शंकूसारखा खळगा) होता, ९० अंशाचा. फ्लॅटच्या डीएक्सएफमध्ये त्याची दोन वर्तुळं आली होती, आतलं भोकाचं आणि बाहेरचं काउंटरसिंकचं. लेझरला काय कळणार, त्याने दोन्ही कापली. स्क्रू डोक्यासकट आरपार. ही चूक शंभर टक्के माझी, डीएक्सएफ पाठवण्याआधी उघडून बघायला हवी होती. दुसरी गोष्ट जास्त लागली, दोन्ही उजव्या ब्रॅकेटची ब्रशची बाजू आत आणि खरखरीत बाजू बाहेर. मापं मात्र अगदी तंतोतंत.

मी रागातच बेंडिंगला गेले. प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) एक काका असतात, वय झालेलं, फार बोलत नाहीत. त्यांनी माझं ऐकून घेतलं, ड्रॉइंग मागितलं, आणि म्हणाले, "ताई, यात ब्रश बाहेर ठेवा असं कुठे लिहिलंय?" नव्हतं लिहिलेलं. मग म्हणाले, "कागद द्या एक."

माझ्याकडे फ्लॅटचा एकास एक प्रिंट होता. त्यांनी तो कात्रीने कापला, एका बाजूवर पेनाने आडव्यातिडव्या रेघा मारल्या आणि तीन घड्या वर घातल्या, रेघा बाहेर राहिल्या. "हा डावा." मग तोच कागद सपाट केला, पालथा घातला, त्याच घड्या पुन्हा वर घातल्या. कान त्याच टोकाला, २५ची भिंत या बाजूची त्या बाजूला, आणि रेघा सगळ्या आत. "हा उजवा. कागद एकच आहे ना?"

मी बघतच राहिले. एकच ब्लँक (कापलेला सपाट तुकडा), एका बाजूला वाकवला की डावा, दुसऱ्या बाजूला वाकवला की उजवा. लेझरवाल्यांना माझ्या दोन्ही डीएक्सएफ उलटवल्यावर एकच दिसल्या, म्हणून त्यांनी एकाचेच चार कापले, त्यात त्यांचं काय चुकलं? नंबर कोरलेला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं, पण तो तर मीच काढला होता. म्हणजे इतके दिवस मी स्क्रीनवर मिररच्या मागे लागले होते, आणि खरा प्रश्न पत्र्याला सुलटी बाजू आहे की नाही हा होता. सुलट-उलट नसेल तर दोन फ्लॅट पॅटर्नची गरजच नाही.

काकांनी जाता जाता अजून एक दाखवलं. दुसऱ्या एका प्रकाराचा कान मी ९ मिमीचा ठेवला होता, त्यांनी डायच्या (खालच्या साच्याच्या) व्ही आकाराच्या खाचेवर पट्टी ठेवून दाखवलं की कान त्या खाचेतच घसरणार, त्याला दोन्ही कडांवर टेकायला जागा नाही. व्हीची रुंदी साधारण जाडीच्या सहा ते आठ पट घेतात, म्हणजे २ मिमीला १२ ते १६, आणि फ्लँज निदान व्हीच्या सत्तर टक्के तरी हवी. मी कान १४चा केला. कॅडमध्ये ९चा कान काही तक्रार न करता वाकला होता.

परत आल्यावर सहा प्रकारांची वाटणी अशी झाली. दोन डावे-उजवे नव्हतेच, त्यांचा एकच नंबर. तीनांना नंतर पावडर कोटिंग होणार होतं, म्हणजे दोन्ही बाजू झाकल्या जाणार, तिथे एकच डीएक्सएफ आणि बेंड डाव्याला वर, उजव्याला खाली. फक्त बर (कापल्यावर कडेला राहणारी धार) कुठल्या बाजूला येते ते बघावं लागतं, हात लागतो तिथे ती घासून घ्या असं लिहिलं. आणि हा एक ब्रशवाला, त्याला दोन वेगळ्या डीएक्सएफ, दोन्हीत ब्रशची बाजू वर धरून, आणि ड्रॉइंगवर ठळक नोट की नेस्टिंगमध्ये (कापण्यासाठी मोठ्या पत्र्यावर पार्ट मांडताना) हा पार्ट पालथा घालू नये. अर्ध्या वळणाने, म्हणजे १८० अंशात, फिरवला तर चालेल, ९०त नाही, कारण ब्रशच्या रेघा आडव्या होतात. काउंटरसिंकचं बाहेरचं वर्तुळ डीएक्सएफमधून काढलं, तो बेंडिंगनंतर ड्रिलवर मारायचा. बेंडच्या रेघा वेगळ्या लेयरवर. आणि फ्लॅटवर जे "अप" "डाऊन" छापलं जातं ते दोन्ही फाइलींत डोळ्यांनी बघा, माझ्या उजव्या फाइलीत उलगडताना स्थिर धरलेला पृष्ठभाग दुसऱ्या बाजूचा निवडला गेल्यामुळे तिन्ही बेंड "अप" दिसत होते. चूक नव्हती तशी, पण ब्रश वर आणि बेंडही वर असं वाचलं तर पुन्हा गोंधळच.

मग कागदपत्रांचा फेरा. उजव्यासाठी नवीन नंबर मागायचा फॉर्म, त्यावर दोन सह्या, चार दिवस. मला वाटलं होतं एकाच ड्रॉइंगवर दोन नंबर टाकू, विमानाच्या ड्रॉइंगमध्ये करतात तसं, तिथे डॅशनंतर विषम आकडा डाव्याचा आणि सम उजव्याचा, आणि चित्र एकाचंच. ड्रॉइंग तपासणाऱ्या चेकरने परत पाठवलं. म्हणाले कोटिंगवाल्या तीनांना चालेल, पण ब्रशवाल्यात "उजवा विरुद्ध" एवढ्या नोटवरून काउंटरसिंक आणि फिल्म कुठे ते माणसाने डोक्यात उलटं करायचं का? वाद घालायला मुद्दाच नव्हता माझ्याकडे. उजव्याचं वेगळं ड्रॉइंग काढलं. मूळ ड्रॉइंग कॉपी करून त्यातलं मॉडेल बदललं, तर निम्मी मापं लटकली, म्हणून शेवटी नव्यानेच काढलं आणि ते लवकर झालं.

असेंब्लीतही एकदा आपटले. अख्खी डावी बाजू निवडून मिरर कंपोनंट्स केलं, आणि प्रत्येक पार्टला उलट्या हाताची आवृत्ती बनवू का याला सरसकट हो. बोल्ट, नट, वॉशर सगळ्यांच्या मिरर फाइली तयार, आणि पार्टलिस्टमध्ये अनोळखी बोल्टच्या ओळी. परचेसवरून फोन आला की हे कुठले नवीन बोल्ट आहेत. बोल्टला मिरर करायचा नसतो, तोच बोल्ट नुसता पलीकडे ठेवायचा. मॉडेलमध्ये आटे खरे काढलेले असतील तर मिरर केल्यावर ते डाव्या हाताचे होतात, म्हणजे परचेसने खरंच मागवले असते तर...

दुसरा लॉट चौथ्या आठवड्याच्या शेवटी आला. फिल्म बाहेर, दोन्हींची. मी घाईने नखाने फिल्मचा कोपरा उचलून बघितला, मग दोन्ही ब्रॅकेट टेबलवर पाठीला पाठ लावून उभे केले, दोन्ही कान एका रेषेत, आणि तसेच अर्धा तास ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं शोपीस आहे. नंतर कोटिंगचे ब्रॅकेट आले, त्यातला एक उजवा डावा म्हणून वाकवलेला निघाला, तो काकांनी बघूनच बाजूला काढला होता. मागच्या शुक्रवारी फिटिंग.

आणि काल ईमेल आलाय, ब्रशवाल्याचा स्लॉट (लांबट भोक) ३ मिमी पुढे घ्या. बेस फाइल उघडली, आकडा बदलला, डावी अपडेट, उजवी अपडेट, दोन्ही फ्लॅट काढून एक उलटी करून दुसरीवर ठेवली, एकच रेघ. मग बघते तर स्लॉट सरकून कोरलेल्या नंबरच्या शेवटच्या आकड्यावर आलाय, दोन्हीकडे. आज तो नंबर सरकवायचाय.